फ्लॉरेन्स नाइटिंगेल : रुग्णकक्षाच्या कारभाराची आचार्या

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. त्यासाठी बहुधा संत, समाजसुधारक किंवा देशभक्त यांची निवड होते, आणि ते योग्यही आहे. यंदा मात्र एका इंग्रज बाईंचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, व विशेषतः भगिनींपुढे, ठेवण्याचे योजिले आहे. आपल्या ज्ञातीतील मुली परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळल्या आहेत, त्यांतील काहीजणी वॉर्डाच्या मुख्य झाल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि मुलीने नर्सिंगला जाण्याची इच्छा दर्शविताच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडावी, अशी घरे अजूनही आहेत. रात्रपाळी, परक्या माणसांची शुश्रूषा, लग्नाची अडचण, ही कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. ज्या बाईंनी या पेशाला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांच्या स्वतःच्या घरी हीच आठी कित्येक वर्षे टिकली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला व त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली म्हणून तिचे नाव त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून पार्थेनोपे असे ठेवले होते. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे सधन जमीनदार. डर्बीशायरात एक घर, हॅम्पशायरात दुसरे, नोकरचाकर, पाहुणेरावळे असा सारा थाट होता. वडिलांनी दोन्ही मुलींस स्वतः ग्रीक, लॅटिन व इतिहास शिकविला. फ्लॉरेन्सला गणिताची गोडी विशेष, व ती पुढे किती उपयोगी पडली ते यथाक्रम येईलच.

१८३७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ईश्वराने आपणांस सेवेसाठी बोलाविले आहे असा अनुभव त्यांना आला. कोणत्या सेवेसाठी, हे मात्र स्पष्ट नव्हते. ते उमगण्यास काही वर्षे गेली. १८४५ साली सॉल्सबरीच्या रुग्णालयात काही महिने राहून शिकण्याची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. आईवडिलांस दोष देणे सोपे आहे. परंतु त्या काळच्या रुग्णालयांची स्थितीही ध्यानी घेतली पाहिजे. तेथे काम करणाऱ्या बायका बहुधा निरक्षर असत, दारूचे व्यसन सर्रास असे, आणि वॉर्डातच त्यांचे झोपणे व जेवण चाले. डिकन्सच्या एका कादंबरीत अशाच मद्यपी परिचारिकेचे चित्र आहे व ते वाचून त्या काळी लोक हसत. कारण ते ओळखीचे होते. अशा ठिकाणी कोणता गृहस्थ आपली मुलगी धाडील? बाईंचा हट्ट असा की, ठिकाण वाईट असेल तर ते सुधारावयास चांगल्या घरच्या शिकलेल्या बायकांनीच गेले पाहिजे.

परवानगी मिळाली नाही. परंतु अभ्यास थांबला नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठून, मेणबत्तीच्या उजेडात, त्या सरकारी अहवाल व रुग्णालयांची माहितीपत्रके वाचून टिपणे काढीत आणि न्याहारीची घंटा झाली की मुकाट्याने खाली येऊन पाहुण्यांच्या सरबराईस लागत. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या सुविद्य गृहस्थाने घातलेली मागणी त्यांनी १८४९ साली नाकारली; मनात आदर असूनही नाकारली. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्ट येथे, पाद्री फ्लीड्नर यांच्या संस्थेत, सुमारे तीन महिने राहण्यास त्यांना मिळाले. तेथील शुश्रूषेचे ज्ञान बेताचेच होते असे त्या पुढे सांगत. वृत्ती मात्र निर्मळ होती हे त्या कधी विसरल्या नाहीत.

१८५३ च्या ऑगस्टात लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. आजारी व गरीब पण कुलीन स्त्रियांसाठी ते चालविले जाई. वडिलांनी वर्षास पाचशे पौंड लावून दिले. त्यामुळे पगाराची अपेक्षा नव्हती. या वर्षाचा उल्लेख चरित्रांतून दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः वॉर्ड चालविणे म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने प्रथम हेच वर्ष पाहावे. बाईंनी तेथे आल्याबरोबर काय मागितले? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे. स्वयंपाकघरातून जेवण वर चढविण्यास दोरीचा पाळणा असावा. आणि रोग्यांच्या घंटा परिचारिकेच्या खोलीबाहेर अशा लावाव्यात की, कोणी वाजविली ते झडपेच्या खुणेवरून दिसावे व परिचारिका पाहीपर्यंत ती खूण तशीच राहावी. कारण त्यांनी हिशेब केला होता. जी परिचारिका दिवसभर पाण्याच्या बादल्या व जेवणाची ताटे घेऊन जिने चढते उतरते, ती रोग्याजवळ बसणार केव्हा? तिचे पाय वाचविले की तेवढा वेळ रोग्याच्या पदरी पडतो. सोय ही चैनीसाठी नसून शुश्रूषेसाठी आहे, हे व्यवस्थापक मंडळाच्या गळी उतरविण्यास त्यांना पुष्कळ वाद घालावा लागला. दुसरा वाद धर्माचा होता. मंडळाला केवळ आपल्या पंथाच्या बायका हव्या होत्या. रोगी म्हणून आलेली स्त्री कोणत्याही धर्माची असो, तिला घेतलेच पाहिजे व तिचा धर्मगुरू तिला भेटला पाहिजे, असे ठरल्यावाचून बाईंनी काम स्वीकारले नाही. ज्ञातिसंस्थेच्या पृष्ठांवर ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. टाइम्स पत्राचे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या पत्रांतून जखमी शिपायांचे हाल इंग्लंडास कळले, आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंस परिचारिकांचे पथक घेऊन जाण्यास सांगितले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ बायकांसह त्या निघाल्या. (घरी त्यांनी अथीना नावाचे एक घुबड पाळले होते, निघण्याच्या गडबडीत त्याची आबाळ होऊन ते मेले, आणि इतक्या धीराच्या बाईंच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आले असे सांगतात.) पथकात १० रोमन कॅथलिक जोगिणी, १४ अँग्लिकन पंथीय सेवाभगिनी व १४ रुग्णालयांतील परिचारिका होत्या. एकीचे दुसरीशी पटणे कठीण. कोणी गणवेशाच्या टोपीवरून रुसे, कोणी दारूवरून घरी पाठवावी लागे, कोणी रोग्याच्या देहापेक्षा त्याच्या आत्म्याचीच काळजी अधिक वाही.

४ नोव्हेंबरला पथक कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथे पोहोचले. तुर्की सैन्याच्या अवाढव्य बराकीचे तेथे रुग्णालय केले होते. खाटांच्या रांगा एकापुढे एक मांडल्या तर त्यांची लांबी मैलांत मोजावी लागेल, असे ते ठिकाण. लष्करी डॉक्टरांस या बायका नको होत्या. त्यांनी वॉर्डात पाऊल ठेवू दिले नाही. येथे बाईंनी जे केले त्यात त्यांची खरी पारख होते. शेजारी शिपाई कण्हत आहेत, सोबतच्या बायका आत जाण्यास अधीर झाल्या आहेत, आणि बाई त्यांना बसवून पट्ट्या, उश्या व सदरे शिववून घेत आहेत! डॉक्टर बोलावतील तेव्हाच, ज्या वॉर्डात बोलावतील तेथेच, आणि सांगतील तेवढेच, असा त्यांचा दंडक होता. कित्येक बायकांनी त्यांना पाषाणहृदयी ठरविले. परंतु आज दयेच्या भरात नियम मोडला तर उद्या डॉक्टर सर्वांनाच बाहेर काढतील, हे त्यांना दिसत होते. इंकरमनच्या लढाईनंतर जखमी व आजारी शिपायांची जहाजे लागली, भुईवर चटया घालावयासही जागा उरली नाही, तेव्हा डॉक्टरांनी आपण होऊन हाक मारली.

मग कामाला सुरुवात झाली ती घासण्याचे ब्रश, साबण व टॉवेल यांच्या मागणीने. कोठारात माल असे, पण समितीने पाहणी केल्याशिवाय तो वाटता येत नसे. बाईंजवळ टाइम्सच्या निधीचा व देणगीदारांचा पैसा होता. त्यांनी बाजारातून माल आणविला. जवळचे एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याच्या टाक्या बसविल्या व शिपायांच्या बायकांस कपडे धुण्याचे काम दिले. त्यापूर्वी चादरी गार पाण्यात बुचकळून उवांसकट परत येत. अशक्त रोग्यांसाठी वेगळे स्वयंपाकघर काढले. कारण मोठ्या हंड्यात उकडलेले मांस हाडासकट वाटले जाई, आणि ज्याच्या वाट्याला हाड येई तो उपाशी राही. रात्री आठनंतर एकाही परिचारिकेने वॉर्डात राहू नये, असा कडक नियम होता. त्या वेळी स्वतः बाई हातात कागदी घडीचा तुर्की कंदील घेऊन फेरी घालीत. चित्रकारांनी त्या कंदिलाचा अल्लाउद्दीनचा दिवा केला, इंग्लंडभर तसबिरी लागल्या, आणि दीपधारिणी हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले. मेलेल्या शिपायांच्या घरी पत्रे लिहिण्याचे काम त्या फेरीनंतर चाले.

डिसेंबरात मेरी स्टॅन्ली यांच्या नेतृत्वाखाली आणखी चाळीसहून अधिक बायकांचे पथक बाईंस न विचारता येऊन थडकले. बाई संतापल्या. माणसे वाढली म्हणजे सेवा वाढली, असे त्यांनी मानले नाही. जेवढ्यांवर आपली नजर राहील तेवढ्याच हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. यात त्यांचा अधिकाराचा हव्यासही थोडा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता जी गोष्ट जुन्या पाठ्यपुस्तकांतून येत नसे ती सांगितली पाहिजे. बाई आल्या व मृत्यू थांबले, असे आम्ही लहानपणी वाचले. घडले ते निराळे. त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीस मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांपैकी शेकडा ४२ च्या आसपास दगावत होते. वॉर्ड धुतले जात होते, चादरी बदलल्या जात होत्या, पथ्याचे जेवण मिळत होते, आणि तरीही माणसे मरत होती. कारण इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, हवा खेळत नव्हती, आणि पाण्याच्या वाटेत मेलेले घोडे पडलेले होते. मार्चमध्ये डॉ. सदरलँड व अभियंता रॉलिन्सन यांचे स्वच्छता मंडळ आले. त्यांनी गटारे साफ करविली, पाण्याचा मार्ग मोकळा केला, भिंतींस चुना दिला, गर्दी कमी केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनवर आले. त्यापूर्वी केवळ त्या एका हिवाळ्यात चार हजारांहून अधिक शिपाई तेथे मेले होते, आणि त्यांतील फार थोडे जखमांनी.

बाईंस हे तेथे असताना पुरते उमगले नव्हते. अन्नाचा अभाव व अतिश्रम यांनी खंगलेली माणसेच उशिरा पोहोचतात, असे त्या समजत. १८५६ च्या ऑगस्टात, सत्काराच्या मिरवणुका चुकवून, स्मिथ या नावाने प्रवास करीत त्या घरी परतल्या. आणि पुढच्या वर्षी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह मृत्यूंचे आकडे मांडू लागल्या. रणांगणाजवळच्या छोट्या, गैरसोयीच्या छावणी-रुग्णालयांपेक्षा आपल्या स्कुटारीत अधिक मेले, हे आकड्यांनी दाखविले. ज्या वॉर्डांतून त्या रात्री कंदील घेऊन फिरल्या त्याच वॉर्डांची ही कथा! या धक्क्यानेच त्यांची प्रकृती ढासळली, असे काही चरित्रकार मानतात. काहींच्या मते १८५५ च्या मे महिन्यात बॅलक्लाव्हा येथे जडलेला ताप त्यास कारण होता. काहीही असो, त्यांनी ते आकडे दडपले नाहीत. रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत महिन्यामहिन्याचे मृत्यू दाखवून त्यांनी ते मंत्र्यांपुढे व राणीपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

यापुढील आयुष्य त्यांनी बहुतेक आपल्या खोलीतच काढले. अंथरुणावर पडून पत्रे, अहवाल व टिपणे यांचा अखंड प्रवाह चालू होता. त्या सहकाऱ्यांशी गोड वागत असे म्हणता येणार नाही. आजारी असलेल्या सिडनी हर्बर्टकडूनही त्यांनी काम करवून घेतले, व १८६१ साली तो गेला.

कृतज्ञ देशाने जमविलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश व वर्षास दहा पौंड मिळत. मेट्रन सेरा वॉर्डरोपर यांच्या हाताखाली प्रत्येक वॉर्डावर एक सिस्टर असे. औषधोपचारांत डॉक्टरांची आज्ञा प्रमाण, परंतु परिचारिकांची शिस्त, नेमणूक व वर्तणूक यांचा अधिकार मेट्रनकडे, व तिच्या वतीने वॉर्डाच्या सिस्टरकडे, ही व्यवस्था बाईंची. आपल्या सरकारी रुग्णालयांतून अधिसेविका, परिसेविका व अधिपरिचारिका अशी जी उतरंड दिसते, तिचे मूळ येथे आहे. वॉर्ड लांबट, सुमारे तीस खाटांचा, दोन्ही बाजूंस खाटांच्या मधोमध उंच खिडक्या, आणि सिस्टरच्या जागेवरून शेवटच्या खाटेपर्यंत एका नजरेत सर्व दिसावे, अशी रचना. कित्येक जुन्या सरकारी रुग्णालयांतून अशा वॉर्डांत आपणही नातेवाइकाच्या उशाशी बसलो असू.

ही सिस्टर चांगली कशी ओळखावी? बाईंनी शुश्रूषेवर लिहिलेले पुस्तक १८६० च्या सुमारास बाहेर पडले. त्यात हवा, उजेड, अंथरूण, जेवण यांच्या जोडीने बारीकसारीक कारभारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा प्राण तेच होय. त्यातील विचाराचा सारांश असा की, मुख्य बाई हजर असताना काम चांगले चालते यात विशेष काही नाही. ती नसताना तेच काम तसेच चालले पाहिजे. सर्व स्वतः करणारी बाई कष्टाळू खरी, पण ती झोपली किंवा आजारी पडली की वॉर्ड पोरका होतो. माझ्याशिवाय येथे पान हलत नाही, असे अभिमानाने सांगणारी बाई वस्तुतः आपल्या कारभाराची उणीवच सांगत असते. मी जाते तेव्हा हे कोण करील, किती वाजता करील, आणि झाले नाही तर मला कसे कळेल, हे आधी ठरविणे म्हणजे जबाबदारी घेणे. उलट, सर्व दुसऱ्यांवर सोपवून मोकळी होणारीही त्यांना चालत नसे. आपल्या घरांतील मोठ्या कुटुंबाचा संसार चालविलेल्या आजीबाईंस हे वेगळे सांगावे लागणार नाही.

निरीक्षणावरही त्यांचा फार भर होता. रात्री झोप चांगली लागली ना, असे विचारू नये. रोगी भिडेने होय म्हणतो. किती तास लागली, कोणत्या वेळी मोडली, असे विचारावे. कारण रात्रीच्या पहिल्या प्रहरी मोडलेली झोप व पहाटे मोडलेली झोप यांचा अर्थ एक नव्हे. जेवण परत गेले तर रोग्यास भूक नाही असे चटकन लिहू नये. वेळ चुकली काय, पदार्थ गार झाला काय, की भरविणाऱ्यास घाई होती, हे पाहावे. न खाल्लेले ताट उशाशी ठेवून जाऊ नये. दाराबाहेर कुजबुजू नये; मोठा आवाज रोगी सोसतो, परंतु आपल्याविषयीच काही चालले आहे अशी शंका त्याला जाळते. भेटीस आलेल्यांनी उगाच खोटा धीर देऊ नये, यावर तर त्यांनी एक प्रकरणच खर्ची घातले आहे. आपल्याकडे रुग्णाभोवती जमणारा आप्तेष्टांचा मेळा त्यांनी पाहिला असता तर त्या प्रकरणाची पाने दुप्पट झाली असती!

शिकणाऱ्या मुलींविषयी सिस्टरने दरमहा एक तक्ता भरावयाचा असे. त्यात वेळ पाळणे, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा हे रकाने पट्टी बांधणे व इतर हस्तकौशल्यांच्या आधी येत. तथापि कागदावरील योजना व वॉर्डातील व्यवहार यांत अंतर पडतेच. १८७१–७२ च्या सुमारास बाईंनी शोध घेतला तेव्हा सिस्टर शिकविण्यास वेळ देत नाहीत, मुलींकडून नुसते राबवून घेतात, व्याख्याने नियमित होत नाहीत, असे आढळले. त्यांनी मुलींस एकेकीला घरी बोलावून, त्यांच्या रोजनिशा मागवून, सारे पुन्हा मार्गावर आणले. १८७२ पासून त्या परिचारिकांस बहुधा दरवर्षी एक लांब पत्र लिहीत. त्यांच्या शाळेतील अॅग्नेस जोन्स १८६५ साली लिव्हरपूलच्या अनाथगृहाच्या रुग्णालयात गेली व तीन वर्षांत तेथेच सन्निपात-ज्वराने मरण पावली. तिचे दुःख बाईंस दीर्घकाळ राहिले.

परिचारिकांची सरकारी नोंदणी व परीक्षा असाव्यात अशी चळवळ पुढे निघाली, तेव्हा बाईंनी विरोध केला. परीक्षेत ज्ञान मोजता येते, स्वभाव मोजता येत नाही, असे त्यांचे मत. हे मत कालौघात मागे पडले व ते बरेच झाले; नोंदणीवाचून या पेशाला संरक्षण नसते. पण त्यांच्या आक्षेपातील तथ्य प्रत्येक मेट्रनला आजही जाणवत असेल.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. तरी या देशासाठी त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे लेखणी झिजविली. १८५९ साली नेमलेल्या आयोगासाठी इथल्या प्रत्येक लष्करी ठाण्याकडून प्रश्नपत्रिका भरून मागविण्यात आल्या. १८६३ च्या अहवालात गोऱ्या फौजेतील मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ निघाले; दहा वर्षांनी ते १८ वर आले, असा बाईंचा हिशेब. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांवरून खेड्यांकडे, दुष्काळाकडे व पाटबंधाऱ्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेविषयी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुण्यातच १९०९ साली सेवासदन स्थापन झाले, व रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात आपल्या मुलींच्या, विशेषतः विधवांच्या, परिचर्याशिक्षणाची सोय पुढे करविली, तेव्हा पुणेकरांच्या घराघरांतून पूर्वी इंग्लंडात निघाले तेच आक्षेप निघाले. रमाबाईंनीही ते तसेच, न भांडता, परंतु न हटता, झेलले.

बाईंची दृष्टी पुढे गेली. १९०७ साली राजाकडून ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला; तो मिळविणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या झोपेतच निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर अॅबेतील दफनाचा मान देऊ केला होता, तो आप्तांनी त्यांच्या इच्छेनुसार नाकारला. हॅम्पशायरातील ईस्ट वेलो या खेड्यात, आईवडिलांशेजारी, त्यांना पुरले. शवपेटी सहा सार्जंटांनी वाहिली. थडग्याच्या दगडावर नावाची दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरले आहे.